‘तिकडे तुला सगळं करायला मिळेल’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूरच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या २९ वर्षांच्या परिचारिकेचं हे पत्र. गाव औसा तालुक्यातलं, शिक्षण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), ऑपरेशन थिएटरचा म्हणजे ओटीचा सहा वर्षांचा अनुभव. घरी पती, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. एक संस्था दरवर्षी पश्चिम केनियात, किसुमू शहराजवळच्या एका सरकारी रुग्णालयात दोन आठवड्यांचं शस्त्रक्रिया शिबिर घेते. हर्निया, हायड्रोसील, गाठी अशा शस्त्रक्रिया होतात. येत्या फेब्रुवारीच्या पथकात हिला जागा देऊ केली आहे. खर्च ज्याचा त्याने करायचा, पावणेदोन लाख. साठ हजार जमलेत. उरलेले बचत गटाचं कर्ज काढून किंवा पाटल्या गहाण ठेवून उभे करायचा विचार आहे. संयोजक फोनवर म्हणाले, “तिथे काहीच सोय नसते, त्यामुळे तिकडे तुला सगळं करायला मिळेल. टाके, छोटी ऑपरेशनं, वेळ पडली तर भूलसुद्धा.” पतीची हरकत नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, “आपल्या गावातले दुखणेकरी सरले का, म्हणून परदेशात जायलीस?” पत्राच्या शेवटी प्रश्न आहेत: लसी कोणत्या घेऊ, औषधं कोणती नेऊ, सासूबाईंना कसं समजावू, आणि गरिबांची सेवा करायला निघाले तर मी स्वार्थी कशी?

उत्तर:

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून अगं-तुगं करते. आपल्या भागातल्या खेड्यातली, ओटीत पाय रोवून उभी राहिलेली मुलगी केनियाला जायचं म्हणते, यात मला स्वार्थ दिसत नाही. आणि थोडा असला तरी काय बिघडलं? जग बघावं, आपलं कसब दुसऱ्या मुलखात तपासून पाहावं, पुढे बाहेरच्या नोकरीसाठी हा अनुभव कामी यावा, असं वाटण्यात गैर काही नाही. फक्त ते स्वतःशी मान्य कर, म्हणजे तिथल्या लोकांकडून आभाराची अपेक्षा उरणार नाही आणि एखादा दिवस वाईट गेला तरी तू खचणार नाहीस.

पण संयोजकांचं ते एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘सगळं करायला मिळेल.’ तुला ते आमिषासारखं गोड वाटलं असेल, कारण सहा वर्षं सर्जनच्या हातात अवजारं देताना ‘हे मलाही जमेल’ असं मनात येऊन गेलं असणार. येतंच. आता तू स्वतःला एवढंच विचार: उद्या लातूरच्या तुझ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आले नाहीत आणि सर्जन म्हणाले, ‘सिस्टर, तुम्हीच भूल द्या’, तर तू देशील? टेबलावर तुझी सासू असेल तर देऊ देशील? नाही ना. मग किसुमूजवळच्या कुणाच्या तरी सासूच्या बाबतीत ते चालेल असं आपल्याला का वाटावं? ती गरीब आहे आणि तक्रार करणार नाही, याखेरीज दुसरं कारण मला सापडत नाही.

कायद्याच्या अंगानेही हे सोपं नाही. केनियात परिचारिकांसाठी नर्सिंग कौन्सिल ऑफ केनिया आहे, डॉक्टरांसाठी वेगळी परिषद आहे. बाहेरून येणाऱ्यांनी रुग्णाला हात लावण्याआधी तिथली तात्पुरती नोंदणी घ्यायची असते. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती मिळाली म्हणजे देशात शिरता येतं, काम करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, नोंदणीचा दाखला, अनुभवाचं पत्र हे सगळं आत्तापासून काढायला लाग. ‘आमच्या ओळखी आहेत, कागदपत्रांचं काही लागत नाही’ असं संयोजक म्हणाले, तर ते पथक तुझ्यासाठी नाही, एवढं समज.

‘तिथे काहीच नसतं’ हे दुसरं वाक्यही जरा तपासू. २०१३ पासून केनियात आरोग्यसेवा ४७ काउंटींच्या हातात आहे. आपल्या जिल्ह्यासारखे हे विभाग, पण अधिकार आणि पैसा बराच जास्त. तिथे परिचारिका आहेत, त्या इंग्रजीतून शिकलेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणी पदं भरली जात नाहीत म्हणून घरी बसून आहेत. याच कारणाने केनियाने २०२१ मध्ये ब्रिटनशी करार करून बेरोजगार परिचारिका तिकडे पाठवायचं ठरवलं. म्हणजे ज्या गावात तू ‘हातांची कमतरता’ भरून काढायला निघालीस, तिथे तुझ्याइतकेच शिकलेले हात कदाचित रिकामे आहेत. मग नक्की कमी काय आहे? ग्रामीण भागात सर्जन आणि भूलतज्ज्ञ कमी असतील, साहित्य वेळेवर पोचत नसेल, पगाराला पैसे नसतील. त्या रुग्णालयात यातलं काय कमी आहे हे तिथल्या इंचार्ज सिस्टरशिवाय दुसरं कुणी नीट सांगू शकणार नाही. तिला कुणी विचारलंय का?

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते, कारण मदत घेणाऱ्यांच्या बाजूला आपण उभे राहिलेलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. हजारो माणसं गेली. देशभरातून, परदेशातून पथकं आली, आणि ती आली नसती तर आणखी किती गेली असती कोण जाणे. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण पुढच्या महिन्यांत वॉर्डात जे दिसलं तेही विसरत नाही. कुणीतरी घातलेलं प्लास्टर घेऊन माणसं यायची. कधी घातलं, हाड कसं बसवलं होतं, कधी काढायचं, काहीच कागदावर नसायचं. भाषा न कळणाऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पुडी उशाशी ठेवून, ती कशासाठी आहे हे माहीत नसलेल्या आज्या होत्या. आणि काही पथकं अशी होती, जी आल्या आल्या स्थानिक नर्सला विचारायची, ‘तुमचं काम कशाने हलकं होईल?’ त्यांनी पाणी उकळायची सोय लावली, केसपेपर लिहिले, जखमांची यादी करून आमच्या हातात दिली. त्यांची नावं इथल्या लोकांना अजून आठवतात. तू दुसऱ्या प्रकारच्या पथकातून जावंस, एवढीच माझी इच्छा आहे.

तुझ्या शिबिरापुरतं हेच व्यवहारात उतरवून बघ. हर्नियाच्या जखमेत पू झाला तर तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसतो. चौदा दिवसांच्या शिबिरात शेवटच्या दिवसापर्यंत टेबल चालू ठेवलं, तर शेवटच्या आठवड्यातल्या रुग्णांच्या जखमा तुमचं विमान उडाल्यावर चिघळतील. म्हणून शेवटचे तीन-चार दिवस नव्या शस्त्रक्रिया नकोत, ते फक्त ड्रेसिंग, तपासणी आणि सोपवणीसाठी ठेवावेत, आणि त्यानंतर रुग्ण कुणाकडे जाणार त्या माणसाचं नाव शिबिर सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं. रोज किती केसेस करणार, हेही विचार. शिबिर म्हटलं की आपल्याकडे आकडा मोजायची सवय आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनभर बायकांचे जीव गेले. औषधांवर संशय घेतला गेला, निर्जंतुकीकरणावर घेतला गेला, पण एवढ्या वेगाने काम करताना काहीही नीट तपासून होत नाही, हे तुला मी सांगायला नको.

इथेच तुझं खरं बळ आहे. टाके घालणारा मिळेल, पण ‘थांबा, अवजारांची मोजणी जुळत नाही’ असं सर्जनला तोंडावर सांगणारी सिस्टर परक्या देशातल्या घाईच्या शिबिरात सोन्याच्या मोलाची असते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी तुला माहीतच आहे, १९ मुद्द्यांची: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. पथकात ती प्रत्येक केसला वाचली जाते का, ते विचार. नसेल तर ‘हे काम माझ्याकडे द्या’ म्हण. तिथल्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, इंडिकेटर टेप आहे का, वीज गेली तर ते अर्धवट चक्र कोण मोजतं, अवजारांच्या सेटची यादी भिंतीवर आहे का, हे बघणारी तू असावीस. आणि हे सगळं तिथल्या एका सिस्टरच्या जोडीनेच कर. ती तुला तिच्या ओटीच्या युक्त्या दाखवेल, तू तुझ्या दाखव. तुम्ही परतल्यावर ती तिथेच असणार आहे.

हर्नियाचाच विषय निघाला म्हणून एक सांगते. आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर नावाच्या सर्जनांनी, हर्नियात पोटाची कमकुवत भिंत सावरायला बसवतात त्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या विशिष्ट कापडाचा निर्जंतुक तुकडा हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वापरायला सुरुवात केली. ग्रामीण रुग्णाला बाजारातली जाळी परवडत नव्हती, तिथून हा विचार निघाला. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि वर्षभरानंतर हर्निया उलटण्याच्या प्रमाणात दोन्हींत फरक दिसला नाही. किसुमूपासून युगांडाची हद्द जवळ आहे. म्हणजे इथलं शहाणपण तिकडे जातं आणि रुजतं, पण आधी इथे नीट तपासलेलं आणि तिथे पुन्हा तपासलेलं. कुणी मोंढ्यातून मच्छरदाणी विकत घेऊन बॅगेत भरली म्हणून ते होत नाही.

तेव्हा आता संयोजकांना एक ईमेल लिही. फोन नको, लेखी हवं. त्या रुग्णालयाने तुम्हाला बोलावल्याचं पत्र आहे का आणि ते मला पाहता येईल का. माझी तात्पुरती नोंदणी कोण करणार आणि कधीपर्यंत. माझं काम नेमकं काय, भूलतज्ज्ञ कोण आहेत. शिबिरानंतर रुग्ण कोण बघणार. गेल्या वर्षीच्या रुग्णांचं पुढे काय झालं, किती जखमा चिघळल्या. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बारकाईने वाच. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जाणाऱ्या चांगल्या पथकाकडे चिघळलेल्या जखमांचाही हिशेब असतो. ‘सगळे खूश होते’ एवढंच कळवलं, तर माझं स्पष्ट मत आहे की या फेब्रुवारीत जाऊ नकोस. संस्था बदल किंवा वर्षभर थांब.

पैशाबद्दलही मी आडपडदा ठेवत नाही. पाटल्या गहाण ठेवू नकोस आणि बचत गटाचं कर्ज यासाठी काढू नकोस. पावणेदोन लाखांत तिकीट किती, राहणं-खाणं किती, विमा किती, परवान्यांचा खर्च किती आणि संस्थेकडे किती जातात, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. पंधरा दिवसांची बिनपगारी रजा हाही खर्चच आहे. काही संस्था परिचारिकांचं तिकीट देणगीतून भागवतात, कारण डॉक्टर आणि सिस्टर यांची कमाई सारखी नसते हे त्यांना कळतं. तसं होईल का, विचार. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी संस्था तर पाठवलेल्या परिचारिकांना पगार देते, पैसे घेत नाही. पण तिथे निवड कठीण, इंग्रजी किंवा फ्रेंच चांगलं लागतं आणि मुक्काम महिनोन् महिन्यांचा असतो. मुलगी थोडी मोठी झाल्यावर तो विचार करता येईल.

आता सासूबाई. तू त्यांना ‘समजावू कसं’ विचारतेस, पण मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. त्यांना उत्तर देण्याआधी तो प्रश्न स्वतःजवळ ठेवून बघ. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बाया दिवाळीच्या सुमारास बैलगाडी-ट्रॅक्टरवर संसार लादून कारखान्यांकडे जातात आणि पाडव्यापर्यंत कोप्यांत राहतात. लातूरच्या आसपासही कारखाने आहेत. सुट्टीच्या दिवशी एखाद्या तळावर जाऊन बीपी, हिमोग्लोबिन बघणं आणि ‘पिशवी काढून टाका’ म्हणणाऱ्या कुणालाही हो म्हणण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, एवढं सांगणं, याला तुला व्हिसा लागत नाही. पण म्हणून केनियाला जाऊच नये असंही मी म्हणणार नाही. घरचं काम संपल्यावरच बाहेर जायचं ठरवलं तर कुणीच कधी कुठे गेलं नसतं. मी एक मधला रस्ता सुचवते. पुण्याची मैत्री संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम घेते, स्वयंसेवक आठवडा-दहा दिवस तिथे राहतात. कोरकू बोलणाऱ्या आयांशी दुभाषाच्या मदतीने बोलायचं, वीज नाही, नेटवर्क नाही, डॉक्टर लांब. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवटच्या कोलाम पाड्यांवरही अशा कामाची गरज आहे. एकदा असं राहून आलीस की केनियात तुला काय झेपेल आणि काय नाही, ते तुझं तुलाच कळेल. सासूबाईंनाही दिसेल की ही फक्त विमानासाठी हटून बसलेली नाही.

त्यांची दुसरी काळजी तुझ्या जिवाची असणार, ती त्या बोलून दाखवणार नाहीत. पथकाच्या प्रमुख डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून दे. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे; आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेपाच. मुलीशी रोज बोलायची वेळ आधीच ठरवून टाक आणि नेटवर्क नसेल त्या दिवशी फोन येणार नाही, हेही तिला आधीच सांग.

लसींचं आता सविस्तर सांगते, कारण जाणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल. सगळ्यात आधी हिपॅटायटिस बी. तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. नर्सिंगला असताना घेतले असशील, पण अँटिबॉडीची पातळी तपासून घे. १० च्या वर हवी. त्याखाली आली तर डॉक्टर पुन्हा डोस सांगतील. धनुर्वाताचा बूस्टर, टायफॉइड हे आपल्या डॉक्टरांकडेच होतं. कांजिण्या आणि गोवर होऊन गेलेत का, हे आईला विचार.

पिवळ्या तापाच्या लसीबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भारतातून जाणाऱ्याला केनियाच्या विमानतळावर लस घेतल्याचं कार्ड सहसा मागत नाहीत, कारण भारतात हा आजार नाही. पण केनियाहून परत येताना आपलं सरकार मागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतं. शिवाय तो आजार तिथे आहे, म्हणजे लस तुझ्यासाठीही हवीच. एक डोस जन्मभर पुरतो, मात्र कार्ड दहा दिवसांनंतर वैध होतं. ही जिवंत विषाणूची लस आहे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल किंवा पाळी चुकली असेल तर आधी डॉक्टरांना सांग. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. आणि गरोदर असशील तर हा प्रवासच पुढे ढकल, कारण गरोदरपणातला मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मलेरिया भरपूर आहे आणि तो बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. ‘आपण खेड्यातले, डासांची सवय आहे’ यावर विसंबू नकोस. प्रतिबंधक गोळी घ्यायचीच. कोणती, ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन असेल तर जायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे. घरी आल्यावर बहुतेक जण ती मध्येच सोडतात, तू सोडू नकोस. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हाने कातडी भाजू शकते म्हणून लांब बाह्या. संध्याकाळनंतर त्या तशाही हव्यातच. मच्छरदाणीशिवाय झोपू नकोस. सरोवराच्या पाण्यात पाय बुडवून फोटो काढायचा मोह होईल, तेवढा टाळ. तिथल्या गोगलगायींमधून एक परजीवी पाण्यात येतो आणि कातडीतून शरीरात शिरतो. शिस्टोसोमियासिस म्हणतात त्याला. आपल्याकडे तो जवळपास नसल्यामुळे इथल्या डॉक्टरांना तो पटकन सुचतही नाही.

सुई टोचण्याचं तुला नवं नाही, पण तिथे ते जास्त गांभीर्याने घे. पश्चिम केनियात सरोवराकाठच्या काउंटींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. बाधित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात सुमारे तीन, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. म्हणून लस आधी सांगितली. टोचलं तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. एचआयव्ही रोखणारं औषध दोन तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. म्हणजे उरलेला कोर्स लातूरला परतल्यावर पूर्ण होईल, त्याची सोय आधीच बघून ठेव. पहिल्या दिवशी ओटीत पाऊल टाकण्याआधी विचार: ते औषध कोणत्या कपाटात आहे, रात्री किल्ली कुणाकडे असते? आणि विमा काढताना ‘मी तिथे रुग्णालयात काम करणार आहे’ हे लेखी कळव. पर्यटकांचा साधा विमा कामावर झालेली इजा नाकारू शकतो. आजारी पडल्यास परत आणण्याचा खर्च त्यात आहे का, तेही बघ.

औषधं कोणती नेऊ, असं विचारलंस. तुझी स्वतःची ने, बाकी शक्यतो काहीच नको. मेडिकलवाल्यांनी दिलेली, मुदत संपत आलेली औषधं बॅगेत भरून नेणं म्हणजे तिकडच्या लोकांना ती जाळण्याचं काम लावणं. दान केलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि केनियात औषध आणायला तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते. भुलीची आणि झोपेची औषधं तर कुणी ‘तुझ्या बॅगेत टाक’ म्हणालं तरी घेऊ नकोस, अगदी पथकप्रमुखांनी सांगितलं तरी. सापाची लस नेऊ नकोस. आपलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या आपल्या चार सापांच्या विषावर बनतं. तिथले पफ अ‍ॅडर आणि मांबा वेगळे, त्यांच्यावर ते चालत नाही. भारतीय सापांसाठीची लस आफ्रिकेत काही ठिकाणी वापरली गेली तेव्हा मृत्यू वाढलेले नोंदले आहेत.

बॅग भरताना आणखी एक. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, दंड मोठा आणि तुरुंगवासाचीही तरतूद. आपल्याकडे चटणी, लाडू, चपला सगळं पिशव्यांत गुंडाळायची सवय असते, तेव्हा कापडी पिशव्या शिवून घे. जेवणाची काळजी नको. मक्याच्या पिठाचा उगाली, पालेभाजी, घेवड्याची उसळ, आणि चपाती-चहासुद्धा तिथे रोजचे आहेत. शाकाहारी असलीस तरी उपाशी राहणार नाहीस.

इंग्रजीची भीती तू ओळींच्या आड लपवली आहेस, पण ती दिसली. भाषणं करायची नाहीत, रुग्ण सोपवायचा आहे. काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं: चार वाक्यांत इंग्रजीत सांगायचा सराव रोज ड्युटी संपल्यावर फोनवर रेकॉर्ड करून कर. फेब्रुवारीपर्यंत जीभ वळते. त्या भागात लुओ लोक जास्त, त्यांची भाषा धोलुओ. स्वाहिली बहुतेकांना येते. ‘पोले’ हा शब्द शिकून घे, कुणाला दुखत असलं की तिथे तो म्हणतात. संमतीपत्र मात्र तोडक्यामोडक्या भाषेत समजावायचं नाही, तिथला माणूस मध्ये हवा. रुग्णांचे फोटो स्टेटसला ठेवू नकोस. लातूरच्या वॉर्डातल्या बाईचा ठेवत नाहीस, तसंच.

परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घे, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ‘मी आफ्रिकेत जाऊन आलेय’ हे पहिलं वाक्य सांग. नाहीतर आपल्याकडे डेंग्यू-टायफॉइड समजून दोन-तीन दिवस जातात, आणि फाल्सिपॅरमला तेवढे पुरतात. पतीलाही हे सांगून ठेव, कारण तापात तुला बोलायचं सुचेलच असं नाही.

ईमेलचं उत्तर येईपर्यंत एक काम करून टाक. पिवळ्या तापाची लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. लसीची कुपी अनेक डोसांची असते आणि उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवूनच बोलावतात. फोन करून तारीख घे, पासपोर्ट बरोबर ने, आणि कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच काउंटरवर उभं राहून तपासून घे. या फेब्रुवारीत जाणं झालं नाही तरी ती लस वाया जाणार नाही.